डोळे बांधून आणलं तर नाशिक कशावरून ओळखाल?

टेकावरची

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचा आला होता. गंगापूर रोडने गाडीतून जाताना म्हणाला, "मावशी, हे तर आमच्या बाणेरसारखंच आहे." मला राग आला. मग मीही त्याच्या नजरेने बाहेर बघितलं. काचेची शोरूम, कॅफे, फर्निचरचं दुकान, दातांचा दवाखाना, परत कॅफे. पोरगं चुकीचं बोलत नव्हतं.

रविवारी त्याला दहीपुलावर उतरवलं आणि आमच्या डिंगर आळीकडे पायी घेऊन गेले. दोन मिनिटांत त्याने विचारलं, "ही गल्ली चढत का चाललीये?"

मला तेवढंच हवं होतं. "नाशिक नव टेकांवर वसविले" हे आजी सांगायची. जुनी गढी, म्हसरूळ टेक, चित्रघंटा, आमची डिंगर आळी ही त्यातलीच टेकं. आमच्या वाड्याचा ओटा वरच्या अंगाला रस्त्यापासून चार बोटं उंच आणि खालच्या अंगाला माझ्या कमरेइतका. ओटा एकच आणि तोही सरळ, तिरका आहे तो रस्ता. लहानपणी आम्ही वरच्या टोकाने ओट्यावर चढायचो आणि खालच्या टोकाने उडी मारायचो. भाचा सव्वीस वर्षांचा आहे, त्यानेही मारून बघितली.

माझ्या मते नाशिकचं रूप म्हणजे चढउतार, काळा दगड आणि तळाशी गंगा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). मेनरोडवरून कुठल्याही बोळात शिरा, उताराला लागलात की नदी सापडते.

तुम्हाला काय वाटतं? डोळे बांधून आणलं आणि पट्टी सोडली तर कशावरून ओळखाल? मिसळ आणि वाईन सोडून सांगा. ते माहितीपत्रकात असतंच.

---

उलटा वडा

मिसळ सोडून? मग धागाच बंद करा की ताई.

---

सिडकोकर

धागा छान, पण एक विचारू का? दर वेळी "नाशिकचं रूप" म्हटलं की दहीपूल ते रामकुंड एवढंच का येतं? २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १४ लाख ८६ हजार माणसं होती, आता कितीतरी जास्त असतील. त्यातली टेकांवर राहणारी किती? आम्ही सिडकोत वाढलो. आमच्याकडे गल्ली चढत नाही आणि वाडाही नाही. पत्ता विचारला तर "कितव्या स्कीममध्ये?" असं विचारतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं, कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), खानदेशातून, मराठवाड्यातून. आई-बापांनी एका खोलीचं घर घेतलं, मग मागे एक खोली काढली, मग वर स्लॅब टाकला, मग बाहेरून लोखंडी जिना. एका रांगेतली वीस घरं एकाच मापाची मिळाली होती, आज त्यातली दोन सारखी दिसत नाहीत. हे रूप नाही का?

---

टेकावरची

@सिडकोकर, आहे की. पण डोळे बांधून आणलेल्या माणसाला ते नाशिक वाटेल की नवी मुंबई की औरंगाबादचं सिडको?

---

सिडकोकर

पहिल्या दिवशी नाही ओळखणार. डिसेंबरात पहाटे सहाला आणा, थंडीने ओळखेल.

---

रेखाटणकार

व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो. सांभाळून घ्या.

ज्या शहरांना आपण चेहरा आहे म्हणतो, तिथे बहुतेक वेळा एखाद्याच गोष्टीचा आग्रह धरलेला असतो. जयपूर १८७६ मध्ये गुलाबी रंगवलं आणि तो रंग आजही जुन्या शहरात सोडता येत नाही. पॅरिसच्या मधल्या भागात इमारतींची उंची बांधून दिली, म्हणून सगळ्या छपरांची रेघ एक दिसते. मुंबईत ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक शैली आणि समोर आर्ट डेको शैली असा सामना उभा आहे, त्याला २०१८ मध्ये युनेस्कोने मान्यता दिली. अहमदाबादच्या पोळा, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्या, त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोच्या यादीत गेल्या. यात एकेकटी इमारत फार महत्त्वाची नसते, शेजारच्या इमारतीशी ती कशी वागते यावर सगळं असतं.

नाशिकला असा हुकूम कुणी काढला नाही. आपल्याला एकसारखेपणा दिला तो जमिनीने. पायाखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड. घाट त्याचे, कुंड त्याचे, वाड्यांची जोती त्याची, देवळं त्याची. काळारामाला दगड रामशेजच्या डोंगराचा आणला. दगड कठीण, त्यामुळे आपल्याकडचं कोरीव काम नाजूक जाळीचं नसतं, ठसठशीत असतं. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं आहे, त्याच्या शिखराकडे एकदा दुपारी तीननंतर बघा. सकाळी सपाट वाटणारा दगड तिरप्या उन्हात उठून येतो.

वाड्यात मात्र दगड जोत्यापाशी थांबतो. वर सागवानी खांब, तुळया, वीट, माडीला लाकडी कठडा. खाली जड काळं आणि वर हलकं तपकिरी, हे जुन्या नाशिकच्या गल्लीचं रंगसूत्र. बोळाच्या दोन्ही बाजूंना ओट्यांची सलग रांग, मध्ये दिंडीदरवाजे. आता एकेक वाडा पडतो आणि तिथे नवी इमारत येते. ती रस्तारुंदीसाठी मागे सरकते, खाली पार्किंगचे खांब उभे करते. तिची एकटीची चूक नाही, नियमच तसा आहे. पण सलग भिंतीत दात पडल्यासारखी फट दिसते. दहा फटी झाल्या की गल्ली संपते. रस्ता उरतो.

---

गल्लीबोळ

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

भाडेकरू क्र. ७

वाड्यांचं कौतुक करणाऱ्यांनी एक पावसाळा वाड्यात काढावा. आमच्याकडे तीन बिऱ्हाडं, मालकाचे सहा वारस, त्यातले दोन परदेशात. भाडं इतकं की त्यात दोन जण मिसळ खाऊन येतील आणि चहाचे पैसे खिशातले घालतील. मालक म्हणतो या भाड्यात दुरुस्ती कशी करू, आम्ही म्हणतो दुरुस्ती न करता भाडं कसं वाढवता. दर जूनला "धोकादायक" नोटीस दारावर. गेल्या वर्षी रात्री दोनला मागच्या खणाची माती भुरूभुरू पडायला लागली, तर आईने पहिल्यांदा देव उचलले आणि मग मला उठवलं. तुळईचं कोरीव काम फार सुंदर आहे, मान्य. आम्ही त्याला टेकू लावून झोपतो.

---

रेखाटणकार

@भाडेकरू क्र. ७, तुमचा मुद्दा शंभर टक्के. जतन म्हणजे राहणाऱ्याने जीव मुठीत धरायचा असं नाही. मालक आणि भाडेकरू दोघांचं हित जुळेल असं गणित कुणी बसवलं नाही, हेच दुखणं आहे.

---

उलटा वडा

मिसळीला बंदी आहे म्हणून वड्यावर बोलतो. बाकी महाराष्ट्रात पावात वडा असतो. आपल्याकडे पावाच्या आत बटाट्याची भाजी भरून अख्खा पावच बेसनात बुडवून तळतात. गावाचा स्वभाव इथे कळतो. घाई नाही, पण करायचं ते जरा उलटं.

आणि भेळभत्ता! गंगेवर संध्याकाळी कागदात भत्ता घेऊन पायरीवर बसायचं, भत्ता संपेपर्यंत विषय संपला पाहिजे. बुधवारच्या बाजाराला गेलात तर पाथरवटाकडचा पाटा-वरवंटा बघा. काळा दगड म्हणजे देऊळच नव्हे, चटणीपण.

---

प्रेसवाला

नाशिकरोडवरून लिहितोय. आम्ही अजूनही "नाशिकला जाऊन येतो" म्हणतो, एकाच महापालिकेत असून. १९८२ ला महापालिका झाली, पण मनातली हद्द काही मोडली नाही.

कारण सरळ आहे. रेल्वे गावात आलीच नाही, गावापासून आठ-नऊ किलोमीटरवरून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टेशन ते गाव ट्राम सुरू झाली, ती घोडे ओढायचे. आज लोक द्वारकाच्या सिग्नलला वैतागतात तेव्हा वाटतं, घोडा बरा होता. स्टेशनपाशी वेगळंच गाव उभं राहिलं. १९२० च्या दशकात सिक्युरिटी प्रेस आली, मागोमाग नोटांची प्रेस. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनला छापून यायची. एका बाजूला तोफखाना, पुढे देवळाली कॅम्प, तिथले लांबरुंद आवारातले बंगले, हवा बदलायला आलेल्यांची आरोग्यधामं, आणि शांतता. या सगळ्यात वाडा नाही, टेक नाही, घाट नाही. कंपाउंडच्या लांबच लांब भिंती आणि मोठी झाडं हे आमचं रूप. वडील नोटा छापायचे आणि महिनाअखेरीला उसने पैसे मागायचे, हा आमच्या घरातला कायमचा विनोद.

म्हणून म्हणतो, नाशिक हे एक गाव नाहीच. चार-पाच गावं आहेत, त्यांचं नाशिक हे नाव सोडलं तर आपसात फारसा संबंध नाही.

---

सिडकोकर

+१. हेच म्हणायचं होतं, प्रेसवाल्यांनी नीट सांगितलं.

---

पंचवटीकर

चार-पाच गावं असतील, पण वर्षातून एक दिवस ती एका खड्ड्यात उड्या मारतात.

हसू नका. रंगपंचमीला या. आमच्याकडे धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते आणि रंग खेळतात तो पंचमीला. आणि तोही रहाडीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रहाड म्हणजे चौकाच्या मधोमध, रस्त्याच्या खाली बांधलेला दगडी हौद, पेशवाईपासूनचा. वर्षभर त्यावर लाकडं टाकून माती पसरलेली असते. वरून रिक्षा जातात, भाजीची गाडी उभी असते, खाली हौद आहे हे परक्याला कळत नाही. पंचमीच्या आधी माणसं जमतात, माती उकरतात, ओंडके बाहेर काढतात. आतून वर्षभराचा कोंडलेला गारवा येतो, तो वास मला कुठेही ओळखता येईल. मग धुऊन पाणी भरायचं, रंग उकळून ओतायचा, पूजा करायची. शनि चौकाच्या रहाडीचा रंग गुलाबी, तिवंधा चौकाची पिवळी. रंग ठरलेला, दर वर्षी बदलत नाही.

उडीला "धप्पा" म्हणतात. शेजारी उभ्या असलेल्यांना भिजवेल असा धप्पा पाहिजे, पाय आधी घालून हळूच उतरणाऱ्याची वर्षभर टिंगल. मी पहिला धप्पा आठवीत मारला. नाकातून, कानातून गुलाबी. चौथ्या दिवशी शाळेत सरांनी विचारलं, "शनि चौक?" नुसत्या रंगावरून. तिवंध्याची पोरं वर्गात पिवळी बसलेली.

आता सिडकोची, इंदिरानगरची, नाशिकरोडची पोरं गाड्या भरून येतात. रांग लागते. आम्ही कधी कुणाला विचारलं नाही तू कितव्या स्कीमचा.

---

प्रेसवाला

मीपण येतो दर वर्षी. वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मागे घेतो. अर्धं.

---

समतावादी

दगडाचं एवढं चाललंय म्हणून लिहितो. काळारामाचा दगड रामशेजचा, हे बरोबर. पण त्याच दगडी दारापुढे २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे लढवला, आणि पाच वर्षं होऊनही ते दार उघडलं नाही. मग १९३५ ला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. येवलं आपल्याच जिल्ह्यात.

माझे पणजोबा त्या सत्याग्रहात होते. आजोबा मला काळारामाला घेऊन गेले तेव्हा त्यांनी मूर्ती दाखवली नाही, आधी दार दाखवलं. "इथं उभं होते," एवढंच म्हणाले. मला आजही तिथे गेलं की शिखर दिसत नाही, दरवाजाची चौकट दिसते. शहराच्या रूपात हेही धरा.

---

टेकावरची

@समतावादी, धरलं. मी इतक्या वर्षांत कितीदा त्या दारातून आत गेले असेन, थांबले नाही कधी. भाच्याला पुढच्या खेपेला तिथे घेऊन जाईन.

---

कुंडातला मासा

नदीबद्दल अजून कुणी नीट बोललंच नाही. "तळाशी गंगा" म्हणून सोडून दिलंत.

गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून तीसेक किलोमीटरवर आपण. वाहणार पूर्वेकडे, पण रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. त्या वळणामुळे तीर्थ, तीर्थामुळे घाट, घाटामुळे देवळं, देवळांमुळे भांडीबाजार, फुलबाजार, सराफ बाजार. अस्थी घेऊन आलेला माणूस आधी रामकुंडावर जातो आणि जाताना तांब्याचा गडू घेऊन जातो. तांबट लेनमधली ठकठक त्यावर चालायची. आता एखादं दुकान ठोकताना दिसतं, बाकी माल बाहेरून येतो.

गोदाघाटावर पूर्वी कितीतरी कुंडं होती, प्रत्येकाला नाव, आतून जिवंत झरे. कुंभमेळ्याच्या कामांत पात्राचा तळ काँक्रीटने बांधून टाकला. कुंडं खाली गेली. पुढे ते काँक्रीट काढा म्हणून लोक कोर्टापर्यंत गेले. दर १२ वर्षांनी सिंहस्थ येतो, २००३, २०१५ आणि आता परत, आणि प्रत्येक सिंहस्थ गावाला नवे रस्ते देतो आणि काहीतरी घेऊन जातो. २०२५ मध्ये तपोवनातल्या झाडांवरून लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. तपोवनात झाडं नसतील तर त्या नावाचं काय करायचं?

---

गढीवाला

जुन्या गढीबद्दल भर घालतो. नदीकाठचा तो मातीचा उंचवटा म्हणजे टेकडी नाही, माणसांच्या राहण्याने चढत गेलेली माती आहे. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलियांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा थराखाली थर करत ताम्रपाषाण काळापर्यंत पोचले. सातवाहन मधल्या मजल्यावर म्हणा ना. पांडवलेणीत सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे शिलालेख आहेत, तिथे दान देणारी मंडळी इकडे बाजारहाट करत असणार असं मी आपलं धरून चालतो.

आज त्या गढीची कडा दर पावसाळ्यात थोडी ढासळते. वर घरं आहेत. पाऊस वाढला की त्यांना हलायला सांगतात, ती हलत नाहीत किंवा दोन दिवसांनी परत येतात. आजही सकाळपासून भोंगा फिरतोय.

---

सिडकोकर

आज पाऊस खरंच वेड्यासारखा आहे. अंबडहून घरी यायला दीड तास.

कुंडातला मासा यांचा प्रतिसाद आवडला. तरी माझा मुद्दा उभाच आहे. माझ्या मुलीने घाट पाहिलाय तो पाहुणे आले तेव्हा. आमच्या रोजच्या जगण्यात गंगा नाही. नळाला येते तेवढीच.

---

अनिवासी भो

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. अकरा वर्षं झाली, इकडे कॅनडात आहे. (आपल्या नाशकातल्या कॅनडा कॉर्नरवाला नाही, खरा कॅनडा. हा विनोद इकडे कुणाला कळत नाही म्हणून इथे मारला.)

मला विचाराल तर रूपापेक्षा आवाज. पहाटे पंचवटीतली घंटा, रविवार कारंजाला रिक्षावाल्याचं "सीबीएस, सीबीएस, एक सीट", आणि समोरचा कितीही मोठा असला तरी "काय रे भो".

---

उलटा वडा

काय रे भो.

---

दहीपूलवाली

मोबाइलवरून लिहितेय, चुका पोटात घाला. दुकानातला खालचा माल माळ्यावर टाकून झाला. गंगेचा पूर अजून लांब आहे, पण आमच्याकडे पाणी आधी मागून येतं. सरस्वती नाला दहीपुलाच्या खालून जातो, वरून बुजवलेला. जोराचा पाऊस झाला की टेकांवरचं सगळं पाणी उतरून इथेच येतं. मूळ धाग्यातल्या ताईंचा तो सुंदर चढ असतो ना, त्याचा उतार आमच्या दुकानात संपतो.

सासरे खुर्चीवर बसून आहेत. त्यांना हवामान खात्याचं काही पडलेलं नाही. दर अर्ध्या तासाने पोराला पाठवतात, "मारुती बघून ये."

---

नवी_नाशिककर

नाशिकला बदली होऊन चारच महिने झालेत. मारुती म्हणजे?

---

पंचवटीकर

दुतोंड्या मारुती. नदीपात्रातच उभा आहे, उंच, दोन्ही बाजूंना तोंड. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तो मोजपट्टी. पायाला लागलं म्हणजे नेहमीचं. गुडघ्याला आलं की घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या. कमरेला आलं की भांडीबाजार आणि सराफ बाजार सावध. छातीला आलं की शटर बंद करून माल वर. गळ्याशी आलं की कुणी काही बोलत नाही. त्याच्याही पुढची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा, वसईच्या विजयानंतर आणलेली, तिथे पाणी पोचलं तर महापूर. आमचे वडील १९६९ चा सांगतात, मी २००८ चा पाहिला. धरणातून अमुक हजार क्युसेक सोडले असं बातम्यांत सांगतात, पण गावात त्या आकड्याचं कुणी काही करत नाही.

---

अनिवासी भो

इथे रात्र आहे, झोप येत नाहीये. घरी फोन लावला तर आई म्हणाली "कमरेच्या खाली आहे अजून" आणि मला सगळं कळलं. बायको इंदूरची. ती विचारतेय कुणाच्या कमरेच्या.

---

दहीपूलवाली

गुडघ्याच्या वर आलं. लाईट गेली. बॅटरी वाचवते, नंतर बोलू.

---

टेकावरची

@दहीपूलवाली, काही लागलं तर आमचा वाडा वरच आहे. आता आम्ही तिथे राहत नाही, पण किल्ली शेजारी ठेवलेली असते. ओट्याला कमरेएवढी उंची खालच्या अंगाला, पाणी तिथवर कधी आलेलं नाही. सासऱ्यांना आणून बसवा.

---

सिडकोकर

कुठवर आलंय आता? कुणी घाटाजवळ आहे का?

---

पंचवटीकर

होळकर पुलावर उभा आहे. गर्दी आहे बरीच. कमरेला टेकलं. फोटो टाकू का?

---

सिडकोकर

नको, कळलं. मुलगी विचारत होती.